हॅथ, डथ, विटनेसेथ : जुन्या इंग्रजी क्रियापदांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटच्या करारनाम्यात 'विटनेसेथ' दिसतो, शेक्सपिअर वाचताना 'डथ' आणि 'हॅस्ट', इंग्रजी प्रार्थनेत 'आर्ट'. शाळेत आपल्याला एवढंच सांगितलं जातं की ही 'जुनी इंग्रजी' आहे. प्रश्न तिथेच थांबतो आणि ही रूपं म्हणजे भाषेवर चढवलेला साज आहे असा समज घट्ट होतो. खरं तर हे रोजच्या वापरातलं व्याकरण होतं, आणि 'जातोस', 'आहेस', 'जावो' सहज बोलणाऱ्या मराठी माणसाला ते इंग्रजांच्या मुलांपेक्षाही लवकर कळायला हवं. म्हणून हा खटाटोप.

इंग्रजी शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. जिथे स्पेलिंगच महत्त्वाचं आहे तिथे अक्षरांची नावं दिली आहेत.

करारात 'नाऊ दिस डीड विटनेसेथ' असं छापलेलं असतं. ही छपाईची चूक आहे का?

नाही, आणि कृपया ती 'सुधारू' नका. 'विटनेस' म्हणजे साक्ष देणे, पुढे ई-टी-एच हा तृतीयपुरुषी एकवचनी प्रत्यय. 'हा लेख साक्ष देतो की' एवढाच अर्थ. आजच्या इंग्रजीत 'विटनेसेस' झालं असतं.

लक्ष ठेवायचं ते कर्त्यावर. 'डीड', 'अ‍ॅग्रीमेंट', 'इंडेंचर' हे एकवचनी आहेत म्हणून 'विटनेसेथ' बरोबर. पण कर्ता 'दीज प्रेझेंट्स' असा अनेकवचनी असेल, तर नुसतं 'विटनेस' हवं. ही चूक मसुद्यांमध्ये खरोखर होते. जुना नमुना समोर ठेवून नवा करार टाइप करताना कर्ता बदलला जातो आणि क्रियापद तसंच राहून जातं.

ई-टी-एच आणि ई-एस-टी हे प्रत्यय नक्की कुणाला लागतात?

मराठीतून बघा. 'तू जातोस' मधला शेवटचा 'स' फक्त 'तू'साठी आहे. 'तुम्ही जातोस' असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीत 'दाऊ' म्हणजे तू, आणि त्याचा प्रत्यय ई-एस-टी : 'दाऊ गोएस्ट', तू जातोस. 'ही', 'शी', 'इट' किंवा एखादं एकवचनी नाम कर्ता असेल तर ई-टी-एच : 'ही गोएथ', तो जातो. 'आय', 'वी', 'यी' (जुना 'तुम्ही'), 'यू', 'दे' यांना काहीच लागत नाही.

म्हणजे गंमत म्हणून लिहिलेलं 'आय गोएथ' किंवा 'दाऊ गोएथ' हे 'मी जातोस' म्हणण्याइतकंच चुकीचं आहे. आज्ञार्थात तर कुठलाच प्रत्यय नसतो. 'गो दाऊ' म्हणजे 'तू जा'.

भूतकाळात ई-टी-एच कधीच येत नाही. 'दाऊ'चा एस-टी मात्र तिथेही टिकतो : 'दाऊ केमेस्ट', तू आलास. मराठीतही 'आलास'मध्ये 'स' तसाच आहे, म्हणून हे पाठ करावं लागत नाही.

हे प्रत्यय आले कुठून? संस्कृतशी नातं लावतात, ते खरं की ओढूनताणून?

खरं आहे. एवढं स्वच्छ नातं शब्दांमध्येही क्वचित सापडतं.

संस्कृतमध्ये 'भृ' म्हणजे वाहणे, धारण करणे. 'भरसि' म्हणजे तू वाहतोस, 'भरति' म्हणजे तो वाहतो. याच धातूचं इंग्रजी रूप 'बेअर'. 'भरति'च्या जागी 'बेअरेथ', 'भरसि'च्या जागी 'बेअरेस्ट'. चौथ्या शतकात बायबलाचं गॉथिक भाषेत भाषांतर झालं, त्यात 'बैरिथ' आहे. जर्मानिक भाषांमध्ये मूळच्या 'भ'चा 'ब' आणि 'त'चा 'थ' होतो. 'भ्रातृ'चा 'ब्रदर' आणि 'त्रि'चा 'थ्री' झाला तो याच नियमाने. ज्या 'ति'पासून 'करोति', 'गच्छति' तयार होतात, त्याच 'ति'चा वारस विटनेसेथच्या शेवटी बसलेला आहे. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा करारनाम्याचा तो कागद हातातून खाली ठेववेना.

'स'चीही गोष्ट तशीच. 'भरसि', 'असि' मधल्या 'सि'चा धागा मराठीत 'आहेस', 'करतोस'पर्यंत येतो. इंग्रजीतही आधी नुसता 'स'च होता. त्याला 'ट' कुठून चिकटला? प्रश्न विचारताना क्रियापदामागे लगेच 'थू' (तू) यायचा. 'स' आणि 'थू' सलग बोलताना 'स्तू' होऊ लागलं आणि ऐकणाऱ्यांनी तो 'त' क्रियापदाचाच समजून घेतला. दोन शब्दांची सीमा कानाने अशी सरकवली.

'असणे' या क्रियापदात तर सगळं कुटुंबच एकत्र राहतं. 'अ‍ॅम' म्हणजे 'अस्मि'. 'इज' म्हणजे 'अस्ति', शेवटचा 'त' झिजून गेलेला (जर्मनमध्ये तो अजून आहे : 'इस्ट'). 'बी' आपल्या 'भू' धातूचा भाऊ. आणि 'वॉज' हा 'वस्' म्हणजे राहणे, 'वसति' या धातूचा.

मग ई-टी-एच जाऊन आजचा एस कसा आला?

उत्तरेकडून आला. दहाव्या शतकात लिंडिसफार्न मठाच्या लॅटिन शुभवर्तमानांच्या ओळींमध्ये बारीक अक्षरांत उत्तर इंग्लंडच्या बोलीतले अर्थ लिहिले गेले. त्यात 'थ'च्या जोडीने 'स'ची रूपं भरपूर दिसतात. दक्षिणेत, लंडनच्या बाजूला, तेव्हा आणि पुढेही कित्येक पिढ्या 'थ'च चालत होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर लंडनच्या भाषेत लिहिताना 'थ' वापरतो. पण त्याच्या एका कथेत उत्तरेकडचे दोन केंब्रिजचे विद्यार्थी येतात, त्यांच्या तोंडी मात्र 'स' घालतो. आपल्याकडे 'करून राहिला' म्हटलं की विदर्भ आणि 'करायलाय' म्हटलं की कोल्हापूर-सोलापूरची बाजू कळते, तसाच तो 'स' तेव्हा गावठिकाण सांगत होता.

दोनशे वर्षांनी तोच गावाकडचा 'स' लंडनच्या बोलण्यात रुळला. शेक्सपिअरच्या काळात (१५६४ ते १६१६) दोन्ही रूपं हाताशी होती आणि कवींनी त्यांचा पुरेपूर उपयोग केला. 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातल्या पोर्शियाच्या दयेवरच्या भाषणात दया पावसासारखी 'ड्रॉपेथ', आणि लगेच पुढे ती 'ब्लेसेथ हिम दॅट गिव्ह्ज अँड हिम दॅट टेक्स'. 'ड्रॉप्स' म्हटलं असतं तर ओळीत एक अवयव (उच्चाराचा तुकडा) कमी पडला असता. 'गिव्हेथ', 'टेकेथ' म्हटलं असतं तर जास्त झाला असता. छंद जुळवताना आपले कवी 'करी' आणि 'करितो' यांत निवड करत आले, तसंच हे.

'ब्लेसेथ'चं कारण वेगळं आहे. 'ब्लेसेस' म्हटलं तरी अवयव तेवढेच राहतात. पण स, श, च, ज अशा ध्वनींनी संपणाऱ्या क्रियापदांना 'थ' अधिक काळ चिकटून राहिला, कारण 'स'पाठोपाठ 'स' जिभेला अवघड जातो. 'विटनेस'ही त्याच जातीचं क्रियापद आहे.

या बदलाची मला सर्वांत आवडणारी साक्ष १६४३ची. रिचर्ड हॉजेस नावाच्या शिक्षकाने स्पेलिंगवरच्या पुस्तकात स्पष्ट नोंदवलं की आपण 'लीडेथ', 'नोटेथ', 'टेकेथ' असं लिहितो, पण बोलताना 'लीड्स', 'नोट्स', 'टेक्स' म्हणतो. म्हणजे कागदावर 'थ' होता तेव्हाही वाचणारा 'स' उच्चारत असे. पानावरचं स्पेलिंग बोलण्याच्या एकदोन पिढ्या मागे चालतं, हे विसरू नये. 'हॅथ' आणि 'डथ' (आजचे 'हॅज' आणि 'डज') सर्वांत चिवट निघाले. सतत वापरातले छोटे शब्द असल्यामुळे लिखाणात ते अठराव्या शतकापर्यंत सर्रास सापडतात.

बोलण्यात 'स' आला होता, तर १६११च्या बायबलात सगळीकडे 'थ'च का?

कारण ते पूर्णपणे नवं भाषांतर नव्हतं. किंग जेम्सने नेमलेल्या विद्वानांनी आधीची भाषांतरं समोर ठेवून काम केलं. त्यांतलं विल्यम टिंडेलचं नव्या कराराचं भाषांतर १५२६चं, त्याचे शब्द मोठ्या प्रमाणावर तसेच राहिले. त्यामुळे हा ग्रंथ छापला गेला त्याच दिवशी त्याची भाषा थोडी जुनी वाटत होती.

आज आपण वाचतो ते स्पेलिंग मात्र १६११चं नाही. पहिल्या छपाईत 'लव्हेथ'मध्ये व्ही नव्हता, यू होता. शब्दाच्या सुरुवातीला व्ही आणि मध्ये यू छापायची तेव्हाची रीत होती, मग उच्चार कोणताही असो. सध्याचं छापील रूप बहुतांशी १७६९च्या ऑक्सफर्ड आवृत्तीचं, बेंजामिन ब्लेनीने तपासलेलं.

'दाऊ' आदरार्थी आहे ना? देवाला 'दाऊ' म्हणतात.

हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज, आणि मराठी माणसाने तरी तो करू नये. आपण विठ्ठलाला 'तू' म्हणतो. 'तुम्ही विठ्ठला' असं कुठल्या अभंगात ऐकलंय? जवळिकीचा 'तू' आणि देवाचा 'तू' एकच आहे. 'दाऊ'चंही तेच.

मुळात 'दाऊ' एकवचन आणि 'यी' अनेकवचन, बस. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या दरबारात फ्रेंच शिरली आणि फ्रेंच रीतीप्रमाणे तेराव्या शतकापासून एकट्या मोठ्या माणसालाही अनेकवचनाने बोलवायची पद्धत पडू लागली. हळूहळू 'दाऊ' घरच्या माणसांसाठी, मुलांसाठी, नोकरांसाठी आणि भांडणासाठी उरला. 'दाऊ' हे क्रियापदही झालं. आपलं 'अरेतुरे करणे' तंतोतंत. १६०३मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याच्यावर 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर' असा कडाडला : तुला मी अरेतुरेच करणार, गद्दारा! एका सरदाराला जाणूनबुजून 'तू' म्हणण्यातला तो डंख मराठी कानाला लगेच कळतो.

त्याच शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथाने उलटा मार्ग धरला. देवासमोर सगळी माणसं सारखी, म्हणून न्यायाधीश असो वा जमीनदार, प्रत्येकाला एकवचनच. त्यापायी त्यांनी मार खाल्ला. पुढे त्यांच्या बोलण्यात 'दाऊ आर्ट' (तू आहेस) जाऊन 'दी इज' (शब्दशः 'तुला आहे') असं रूप पडलं. व्याकरणाच्या पुस्तकात ते बसत नाही, पण घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं.

'दाऊ आर्ट', 'विल्ट', 'शॅल्ट' यांत एस का नाही?

ही खूप जुनी रूपं आहेत. त्यांचा प्रत्यय मुळातच नुसता 'ट' होता, त्यामुळे 'विलेस्ट', 'शॅलेस्ट' अशी रूपं तयार करू नका. 'कॅन', 'मे', 'कुड', 'वुड', 'शुड' यांना मात्र एस-टी लागतो : 'कॅन्स्ट', 'मेस्ट', 'वुड्स्ट'. 'मस्ट' दोन्ही पंक्तींबाहेर, तो बदलतच नाही.

'तू होतास'साठी 'वास्ट' आणि 'वर्ट' अशी दोन रूपं भेटतात. दोन्ही तुलनेने नवी. आधी फक्त 'दाऊ वेअर' होतं. सोळाव्या शतकाच्या सुमारास त्याला इतर रूपांसारखं दिसावं म्हणून शेपूट लागलं. बायबलात मुख्यतः 'वास्ट' आहे, कवींना 'वर्ट' आवडतो.

स्पेलिंगचे काही पक्के नियम आहेत का?

आजच्या छापील रीतीचे आहेत. शेवटी ई असेल तर नुसता एस-टी किंवा टी-एच जोडायचा, 'कमेथ'प्रमाणे. ऱ्हस्व स्वरानंतर एकच व्यंजन असेल तर ते दुप्पट होतं. बायबलाच्या तेविसाव्या स्तोत्रातला 'माय कप रनेथ ओव्हर' दोन एन घेऊनच येतो. व्यंजनानंतरच्या वायचा आय होतो ('क्रायेस्ट'), पण स्वरानंतरचा वाय राहतो ('प्रेयेथ'). कवितेत अवयव वाचवण्यासाठी ई गाळतात आणि तिथे लोपचिन्ह देतात.

'डस्ट' आणि 'डोएस्ट' यांत साधारणपणे असा फरक करतात : सहायक क्रियापद असेल तर डी-ओ-एस-टी, 'करणे' हाच अर्थ असेल तर डी-ओ-ई-एस-टी. 'डथ' आणि 'डोएथ' यांचंही तेच. डी-ओ-टी-एच वाचताना 'डोथ' म्हणू नका, 'डथ' म्हणा. आणि एस-ए-आय-टी-एच हा 'सेथ' आहे, 'सेइथ' नाही. आजच्या 'सेज'मध्ये जसा ऱ्हस्व 'से' येतो तसा.

'गॉड वॉट' म्हणजे काय?

'देव जाणे.' आणि हा 'वॉट' म्हणजे आपला 'वेद'.

उपनिषदांत 'य एवं वेद' असं वारंवार येतं, म्हणजे 'जो हे असं जाणतो'. तिथला 'वेद' ग्रंथ नाही, 'विद्' धातूचं क्रियापद आहे. रूप परोक्ष भूतकाळाचं आणि अर्थ वर्तमानाचा : 'ज्याने पाहिलं आहे' म्हणून 'जो जाणतो'. इंग्रजी 'वॉट' हुबेहूब तसाच, रूप जुनं भूतकाळी आणि अर्थ आजचा. म्हणूनच 'ही वॉट'ला ई-टी-एच लागत नाही, जसं 'वेद'ला 'ति' लागत नाही. त्याचा भूतकाळ 'विस्ट'.

पण १६११पर्यंत ही जाणीव पुसट झाली होती. बायबलाच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, योसेफाच्या गोष्टीत, 'माय मास्टर वॉटेथ नॉट' असं आहे. ज्याला प्रत्यय नको होता त्याला तो लावला गेला. ती चूकही आता चारशे वर्षांची आहे.

याच्याशी 'आय विस' या रूपाची गल्लत होते. मुळात तो एकच शब्द, 'खचित' या अर्थाचं क्रियाविशेषण, जर्मन 'गेविस'चा भाऊ. कुणीतरी पुढचा आय सुटा लिहिला आणि त्याचा 'मी जाणतो' असा अर्थ लावला गेला. 'विस' असं क्रियापद नाही.

'मीथिंक्स' म्हणजे 'मी थिंक्स', असं चुकीचं व्याकरण का?

चुकीचं मुळीच नाही. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती, 'विचार करणे' आणि 'वाटणे'. उच्चार जवळचे असल्याने पुढे ती एकमेकांत मिसळली. 'मीथिंक्स'मध्ये दुसरं आहे, आणि त्यातला इंग्रजी 'मी' म्हणजे 'मला'. तेव्हा 'मीथिंक्स' म्हणजे शब्दशः 'मला वाटतं'. भूतकाळ 'मीथॉट', मला वाटलं. आजच्या इंग्रजीला 'आय थिंक' म्हणावं लागतं, करणारा मीच. मराठीने मात्र वाटणं हे आपल्याकडे येतं, आपण ते करत नाही, हा भेद अजून जपला आहे.

'स्पेक', 'होल्प', 'रॉट', 'क्वोथ' ही कोणत्या क्रियापदांची रूपं?

'स्पेक' आणि 'ब्रेक' (स्पेलिंग बी-आर-ए-के-ई) म्हणजे आजचे 'स्पोक' आणि 'ब्रोक'. 'होल्प' म्हणजे 'हेल्प्ड'. जुन्या इंग्रजीत बऱ्याच क्रियापदांचा भूतकाळ आतला स्वर बदलून होई. पुढे त्यांतली पुष्कळ ई-डी लावून सरळ झाली.

'रॉट' हा 'वर्क'चा भूतकाळ, त्यात 'र' पुढे सरकला आहे. 'क्वोथ' म्हणजे 'म्हणाला', आणि तो कर्त्याच्या आधी येतो : 'क्वोथ ही'. त्याचं वर्तमानकाळी रूप 'बिक्वीद' (मृत्युपत्राने देणे) या कायद्याच्या शब्दात लपलेलं आहे.

'गो'चा भूतकाळ 'वेंट' हा 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाकडून उसना घेतलेला. हसण्याआधी आपलं 'जाणे' बघा : 'जातो' एका धातूचं, 'गेला' दुसऱ्याचं.

'इक्लेप्ट'मधला पहिला वाय कशासाठी?

जर्मन भूतकाळवाचक धातुसाधितांना 'गे' लागतो, तोच इंग्रजीत झिजून वाय झाला. 'इक्लेप्ट' म्हणजे 'नावाचा'. तो फक्त पूर्ण झालेल्या क्रियेला शोभतो. मिल्टनसारख्या कवीनेही शेक्सपिअरवरच्या कवितेत तो आय-एन-जी रूपाला लावून टाकला आहे.

दुकानांवरच्या 'यी ओल्ड'चा 'यी' आणि 'तुम्ही' अर्थाचा 'यी' एकच का?

नाही. पाटीवरचा शब्द 'द' आहे. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी थॉर्न नावाचं एक अक्षर होतं. हस्तलिखितांत ते हळूहळू वायसारखं दिसू लागलं आणि छापखान्यांनी त्याच्या जागी वायचा खिळा वापरला. वाचणाऱ्याला तो 'थ'च आहे हे ठाऊक होतं. ती ओळख विसरल्यावर चुकीचा उच्चार जन्माला आला.

'हॅलोड बी दाय नेम'मध्ये 'इज' का नाही?

कारण ते विधान नाही, इच्छा आहे. मराठी प्रार्थनेत 'तुझे नाव पवित्र मानले जावो' म्हणतात. 'जाते' नव्हे, 'जावो'. इंग्रजीत अशा ठिकाणी प्रत्यय गळतो, आणि 'इफ'नंतरही : 'इफ दाऊ बी'. त्याच प्रार्थनेच्या सुरुवातीला 'विच आर्ट इन हेवन' आहे, कारण संबोधन 'दाऊ'ला आहे : तू, जो स्वर्गात आहेस.

ही रूपं आज कुणी बोलतं का?

हो. यॉर्कशरमध्ये वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'दा नोज' (तू जाणतोस) ऐकू येतं. बर्मिंगहॅमजवळच्या ब्लॅक कंट्रीत 'बिस्ट' आहे, म्हणजे 'तू आहेस', जर्मन 'बिस्ट'सारखाच.

अशा संवादांचं मराठी भाषांतर करताना जुनी मराठी वापरावी का?

माझं स्पष्ट मत, आधी ती वापरू नये. आधी 'दाऊ' आणि 'यू' कुठे बदलतात ते पाहावं. 'डथ' पाहून लगेच 'करितसे' लिहिणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं.

हॅम्लेट आईच्या दालनात येतो. राणी म्हणते, 'हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.' तो उत्तरतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.' वाक्य जवळजवळ तेच, पण तिचा 'तू' आईचा आहे आणि त्याचा 'यू' परका. वडीलही दोन वेगळे. ती आपल्या नव्या नवऱ्याबद्दल बोलते आहे, तो मेलेल्या बापाबद्दल. मराठी मुलगा आईला 'तू' म्हणतो आणि वडिलांना पुष्कळदा 'तुम्ही', त्यामुळे इथे आपल्याकडे इंग्रजीपेक्षाही धारदार हत्यार आहे. 'हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलं आहेस.' 'आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलं आहे.'